निम्म्या ओळी टाकणार नाही

वर्षाचा, म्हणजे माझ्या धाकट्या जावेचा फोन आला तेव्हा मी घोडबंदर रोडला लेकीकडे, जुईकडे, भाजणी भाजत होते. "वहिनी, हे गेले…" एवढंच म्हणाली. मी गॅस बंद केला, आणि खोटं कशाला सांगू, मनात पहिल्यांदा आलं ते, ‘अहो भावजी, आणि त्या राहिलेल्या टेपचं काय?’ रडू नंतर आलं, गाडीत बसल्यावर, आणि ते मानपाड्याला त्यांच्या दारात पोचेपर्यंत पुरलं. पण आधी आला तो रागच. सुहासभावजींवर रागावायची मला सवयच होती.

हे माझे धाकटे दीर, डोंबिवलीत एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनीअर. जुईचं लग्न ठरलं त्या सुमारास त्यांनी एचडी कॅमकॉर्डर घेतला आणि मग आमच्या घरातलं एकही कार्य त्यांच्या तावडीतून सुटलं नाही. केळवण, डोहाळजेवण, बारसं… वर्तकनगरला आमच्याकडच्या सत्यनारायणाला तर गुरुजींनाच म्हणाले, "आरती परत एकदा घेता का? फोकस गेला होता." आणि गुरुजींनी घेतली हो! मी स्वयंपाकघरातून डोळे वटारत होते, पण बघतंय कोण? एवढं करून त्या टेपा कुणी पाहिल्या म्हणाल तर कुणीच नाही. विचारलं की ठरलेलं उत्तर, "एडिटिंग बाकी आहे." बुटांच्या खोक्यांत वर्षानुवर्षं पडून होत्या सगळ्या.

रिटायर झाल्यावर एकदाचे ते टेपा कॉम्प्युटरवर घ्यायला बसले. तोवर कॅमेराही म्हातारा झालेला, टेप मध्येच खरखरायची. "एक टेप एकदाच फिरेल असं समजायचं, वहिनी. दुसऱ्यांदा देवाची मर्जी," असं म्हणायचे. तासाभराची टेप आत यायला पुरता एक तास घेणार, म्हणून दर रविवारी आम्हाला बोलवायचे. वर्षा कांदेपोहे करायची आणि आम्ही सिनेमाला बसल्यासारखे बसायचो. पण सुरू होईल तर शपथ! आधी कॉम्प्युटर विचारायचा, चित्राचा आकार कुठला हवा, फुल्ल की लार्ज?

"लार्ज म्हणजे मोठंच ना? करा लार्ज आणि लावा एकदाचं," मी.

"अगं, इथे लार्ज म्हणजे उंची निम्मी आणि रुंदी निम्मी. नावाला भुलू नकोस."

मग स्कॅनिंगवर प्रवचन. या कॅमेऱ्यात म्हणे चित्र एका दमात उतरत नाही. आधी एक सोडून एक ओळ, मग मधल्या राहिलेल्या. मी म्हटलं, माझ्या डोक्यावरून गेलं. तर म्हणाले, "पंगत बघ. वाढपी भाताचं भांडं घेऊन आला आणि एक पान सोडून एक वाढत गेला. परत फिरून येऊन मधल्या पानांवर वाढतो, तोवर पहिले कालवून खायला लागलेले असतात की नाही? तसंच. माणूस स्थिर असेल तर कळत नाही. हलला की त्याच्या कडेला फणीसारखे दाते दिसतात." इतकी वर्षं पंगती वाढून मला ते चटकन समजलं, आणि त्यांना काय आनंद झाला! त्या दिवशी मला पोहे दुसऱ्यांदा त्यांनी स्वतः वाढले.

दाते सगळ्यात जास्त दिसायचे ते आमच्या ह्यांच्या चित्राला. हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. फोटो आहेत, पण चालताबोलताना ते फक्त या टेपांतच सापडतात, आणि तेही घाईघाईत. कॅमेऱ्याचा भारी तिटकारा. समोर आला की हात झटकायचे, "बंद कर रे ते," आणि फ्रेमबाहेर. मी रविवार न चुकता का गाठायचे, ते एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. तेवढ्या दोन-चार क्षणांसाठी मी अख्ख्या बारशाची टेप बघायचे.

भावजींचं आजारपण वाढलं तेव्हा जुईच म्हणाली, "काका, लार्ज करून टाका ना. त्यात मधल्या ओळी टाकूनच देतात, म्हणजे दातेही जातात, डिस्कवर जागाही कमी लागते. टीव्हीवर कुणाला कळणारे?" तिचंही चुकीचं नव्हतं. भावजी म्हणाले, "दादा आधीच इतका थोडा सापडलाय. त्यातल्या निम्म्या ओळी मी टाकणार नाही. दिसू देत दाते. दाते म्हणजे तो हलला ना? मग हलू दे." मी उठून गॅलरीत गेले. भावजींना मी किती जीव लावला होता, ते मला तिथे कळलं.

एक टेप तेवढी राहिली. दिवसकार्य उरकल्यावर मी आणि वर्षाच बसलो. कॉम्प्युटरने विचारलं, वर्षाने माझ्याकडे पाहिलं. "फुल्ल," मी म्हटलं, "आणि ओळी आहेत तशाच." आधी फरशी दिसली, मग पंखा, मग कुणाचे तरी पाय. "कुणी काढलंय हे?" वर्षा पुटपुटली. मग चित्र डुगडुगत वर आलं आणि जुईच्या केळवणाच्या पंगतीत सुहासभावजी! काळेभोर केस, समोर पान, चेहऱ्यावर वैताग. इतक्या टेपांत हा माणूस आम्हाला पहिल्यांदाच दिसत होता.

"दादा, दे इकडे. झूम होतोय तो!"

आणि कॅमेऱ्यामागून ह्यांचा आवाज, अगदी जवळून, "होऊ दे. सकाळपासून उपाशी फिरतोयस. आधी जेव."

भावजींनी निमूटपणे वरणभात कालवला. वर्षा हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती, मीही तेच करत होते. चित्र हलत होतं, तिरकं होत होतं, मध्येच नुसती भिंत दिसत होती. पण धाकटा भाऊ पानावरून उठेपर्यंत आमच्या ह्यांनी तो कॅमेरा काही खाली ठेवला नाही.