यंत्र बांधून लंगडी

रविवार, संध्याकाळ. हजर: मी, सासूबाई, माझी सात वर्षांची सई आणि तिच्या कमरेच्या पिशवीतलं छोटं यंत्र. छातीवर चिकटवलेल्या तारांमधून ते कालपासून तिच्या हृदयाचे ठोके टिपतं आहे. अधूनमधून तिची छाती उगाचच धडधडते. ती का, हे त्यावरून कळेल.

"रोजच्यासारखं वागू द्या," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आम्ही मात्र तिला सकाळपासून सोफ्यावर बसवून ठेवलं होतं.

"आई, मी रोज अशी बसते का गं?"

"बसली असतीस तर माझी हाडं टिकली असती," सासूबाई म्हणाल्या. "जा, खेळ!"

अंगणात लंगडी सुरू झाली. राज्य माझ्यावर. एका पायावर तिच्यामागे उड्या मारताना माझीही छाती धडधडू लागली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच ती भीतीनं धडधडत नव्हती. आनंदाचे ठोकेही असेच जोरात पडतात, हे मी विसरलेच होते.

सई हसत हसत मातीत बसली. "आजी, आईला एक पाय पुरत नाही!"

यंत्र उद्या परत द्यायचं आहे. पिशवीवरची माती अजून झटकायची राहिली आहे.