अध्यक्षांना घेऊन येणारे लेले

लेले सभेला कधीच एकटे आले नाहीत. सिडनीतल्या आमच्या मराठी मंडळाची कार्यकारिणी महिन्यातून एका शनिवारी सकाळी केलीव्हिलच्या हॉलवर जमायची. अध्यक्ष डॉक्टर सबनीस रात्रपाळी उरकून वेस्टमीडच्या हॉस्पिटलातून निघायचे आणि लेले त्यांना आपल्या गाडीतून आणायचे. अर्ध्या तासाचा रस्ता. आधी अध्यक्ष आत, मग बाही सारखी करत लेले. त्यांचा चेहरा पाहूनच आम्ही समजायचो, की निर्णय गाडीत झाला.

हा माणूस मला सोसवत नसे. सल्लागार आम्ही दोघेही. मी लोकांच्या घरांत टाइल्स बसवत या देशात उभा राहिलो. आज माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत. मंडळाच्या हॉलसाठी, साउंडसाठी, जेवणासाठी घासाघीस मी करायची, आवाज मी चढवायचा, वाईटपणाही मीच घ्यायचा. लेल्यांचा आवाज शेजारच्या खुर्चीपलीकडे जात नसे. तरी माझं वीस मिनिटांचं बोलणं संपलं, की डॉक्टर चष्मा पुसत विचारायचे, "लेले, तुमचं काय मत?"

"माझं कसलं मत, डॉक्टर? लोकांना काय वाटतं तेवढं सांगतो." आणि ते सांगत तेच होई.

उपाध्यक्षाची जागा रिकामी झाली. मला ती हवी होती. सात गणेशोत्सव अंगावर घेतलेल्या माणसाला नको का? बायकोला मी आधीच सांगून टाकलं होतं. सभेत लेले म्हणाले, "केतकी कशी वाटते?" आयटीतली मुलगी, मंडळात येऊन जेमतेम दोन वर्षं. भराभर हात वर झाले.

"गाडीत ठरलं ना हे?" मी ओरडलो.

"जाधव, पोहे गार होतायत," लेले म्हणाले.

मी बशी अशी आपटली, की पोहे डॉक्टरांच्या फायलीवर उडाले. लेल्यांनी रुमालाने फाइल पुसली. तेही त्यांनाच सुचलं.

पुढच्या वर्षी लेले मुलीकडे पर्थला कायमचे राहायला गेले. अध्यक्षांना आणायचं काम मी झडप घालून घेतलं. बोलायचे मुद्दे आदल्या दिवशी पाठ केले. डॉक्टरांनी सीटबेल्ट लावला, "थँक्स मेट" म्हणाले आणि पहिल्या सिग्नलच्या आत घोरू लागले. हॉलसमोर जागे झाले. "पोचलो? लेलेही मला असंच झोपू द्यायचे."

सभा संपताच मी पार्किंगमधून पर्थला फोन लावला.

"चार वर्षं बनवलंत आम्हाला!"

लेले हसले. "डॉक्टर गाडीत बोलतात, असं मी कधी म्हणालो? ते तुम्हा लोकांनीच ठरवलंत. मग प्रत्येक जण सभेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी फोन करायचा, 'लेले, एवढं त्यांच्या कानावर घाला.' सगळ्यांचं ऐकलं, की शनिवारी काय होणार ते मला कळायचंच. केतकीचं नाव सहा जणांनी घेतलं होतं."

"आणि माझं?"

"कोणीच नाही. तुम्ही स्वतः तरी कुठे घेतलंत? सगळ्यांचे फोन यायचे, जाधव, फक्त तुमचा नाही. दर सभेआधी वाट बघायचो."

"आता केलाय ना!"

"आता मी पर्थला आहे," लेले म्हणाले.