घरीच असते ती

मालिनी मूळची नागपूरची, फिजिओथेरपिस्ट. अमेरिकेत, पिस्कॅटवेत आली ती केदारची बायको म्हणून. तिच्या व्हिसावर नोकरीला मनाई. मग ती घरी राहिली. पण सत्यनारायण असो की बारसं, प्रसाद हातात पडायच्या आत कुणीतरी खांदा पुढे करायचं. "मालिनी, जरा बघ ना गं." ती बघायची. तिथल्या निम्म्या मराठी मंडळाच्या कमरा तिने फुकटात सरळ केल्या होत्या.

शेजारच्या हिमानीला हे पाहून कसंसंच व्हायचं. ती साहित्यातली एम.ए. आकडे तिला कळत नसत, हे मात्र कळत होतं.

२००५ साली मालिनी तिथल्या फिजिओथेरपीच्या लायसन्सची परीक्षा पास झाली. एका हॉस्पिटलने शुक्रवारी दुपारी इंटरव्ह्यूला बोलावलं. निवड झाली तर कामाचा व्हिसाही तेच करणार होते.

त्याच संध्याकाळी मंडळात केदारचं व्याख्यान होतं. तो अर्थशास्त्रात पीएच.डी. करत होता. विषय : शिकलेल्या, धडधाकट बायका कामाला लागल्या की देश कसा वर येतो.

गुरुवारी हिमानी मालिनीकडे व्याख्यानाच्या वड्यांसाठी बटाटे सोलायला गेली, तेव्हा केदार फोन ठेवत होता.

"हॉस्पिटलचा होता. इंटरव्ह्यू पुढे ढकलला मी."

मालिनीची सुरी थांबली. "का?"

"अगं, उद्या कार मला लागणार. वडे तुला करायचेत. म्हटलं, घरीच असते ती, कधीही चालेल."

"मग?"

"जागा राहिली तर कळवतो म्हणाले."

हिमानीने हातातला बटाटा खाली ठेवला.

"केदार, तू लिहितोस ते कधी वाचतोस का रे?"

"यार, तो डेटा दुसऱ्या देशांचा आहे!"

मालिनीने हात धुतले आणि हॉस्पिटलला फोन लावला. बराच वेळ तिला ताटकळत ठेवलं. शेवटी तीच वेळ परत मिळाली.

"हिमानी, तू नेशील?"

"हायवेची भीती वाटते गं मला."

"गावातून जाऊ. लवकर निघू."

शुक्रवारी संध्याकाळी दोघी हॉलमध्ये शिरल्या, तेव्हा केदार आलेख समजावत होता. बाहीला बेसन लागलेलं. मागच्या टेबलावर चिप्सची पाकिटं.

मंडळातल्या पद्मिनीकाकू लगबगीने आल्या. "मालिनी, वडे कुठेत गं? आणि माझी ही मान जरा—"

"वड्यांचं वक्त्यांना विचारा, काकू. मानेसाठी हॉस्पिटलात या. घेतलंय त्यांनी मला. फक्त व्हिसा होईपर्यंत कळ काढा."