काडीची वरची बाजू

ओल्या द्राक्षकाडीचा तुरट वास आला की वैरागजवळची ती रोपवाटिका आठवते. वनस्पतिशास्त्राची पदवी नुकतीच हातात आली होती आणि शेडनेटखाली मी रुबाबात मुळं धरलेल्या खुंटांवर काड्या बसवून पहिली कलमं बांधत होते. शेजारी कलमं करणाऱ्या मावशी म्हणाल्या, “ताई, काडी उलटी हाय की.” मी म्हणाले, “शिरा जुळल्या की झालं.” त्या हसल्या. “काडीवरच्या डोळ्याचा, कोंब फुटतो त्याचा, सांगावा काडीच्या बुडाकडंच जातो, उलटी लावली तरी. तो सांध्यात पोचल्याबिगर शिरा जुळत न्हाईत.” मी ऐकलं नाही. महिन्याभरात त्यांच्या काड्यांना पानं फुटली, माझ्या सगळ्या वाळल्या. तोच रासायनिक सांगावा पेशी पुढे देत जातात आणि त्याच वाटेवर शीर घडते, हे आता मी कॉलेजात शिकवते. पहिल्या तासाला मात्र फळ्याकडे वळतच नाही. मुलांच्या हातात काडी देते आणि विचारते, हिची वरची बाजू कुठली?