शिसारी विसरलेली सोनूबाई

आमच्या आईनं, सोनूबाईनं, सरकारी दवाखान्यात आया म्हणून जन्मभर लोकांची घाण काढली. कधी नाकाला पदर लावला नाही. तिला शिसारी होती ती एकाच दाराची. गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावात जमीनदार गणपतरावांकडं आमच्या लोकांना चहा मिळायचा तो अंगणात बसवून, वेगळ्या कपात. छप्पन साली आमचे लोक बौद्ध झाले आणि सोळा वर्षांच्या आईनं तो चहा तिथंच ओतला. पुढं शहरात, शिवाजी पेठेत राहायला आलो तरी आम्हा पोरांना तिचं एकच सांगणं, "खाली बसवून दिलेलं घ्यायचं न्हाय."

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. आपण काही नवं शिकलो की मेंदूतल्या पेशींचे सांधे नव्यानं जुळतात. ते घट्ट धरून ठेवणारे रेणू पेशींच्या अंगावरच असतात. कोंबडीच्या पिलानं कडू मण्यावर एकदा चोच मारली की त्याला अशी किळस येते, की पुन्हा त्याला शिवत नाही. पण त्या रेणूंचं काम वेळेत अडवलं, तर तेच पिलू दुसऱ्या दिवशी त्याच मण्यावर खुशाल चोच मारतं. हे मी वर्गात मिटक्या मारत सांगायची. मग आईलाच विसरायचा रोग जडला. तिच्या डोक्यात नेमकं काय सुटत चाललंय, ते डॉक्टरांनाही धड सांगता येईना.

२००४ साली केरबामामा वारला म्हणून तिला घेऊन गावी गेले. परतताना गणपतरावांनी वाटेत गाठलं. म्हातारा आता लई गोड झालेला. "आत या की, चहा घ्या." आत खुर्च्या मांडलेल्या. मी पायरी चढले, मागं बघते तर आई अंगणात चपलांजवळ उकिडवी बसलेली, डोक्यावर पदर, तोंडावर लाचार हसू.

मी दंड धरून तिला उठवायला गेले, तर त्यांची सून शालूबाई म्हणाली, "बसू दे की. जुनी माणसं, त्यास्नी तिथंच बरं वाटतंय." मला त्या बाईची किळस आली, आणि खोटं कशाला बोलू, आईच्या त्या हसण्याचीही आली.

आईनं माझा हात झिडकारला. भेदरली होती. "खुळी हाईस व्हय गं? आत नगं जाऊस. मालकांचं घर बाटंल."

चहा न घेताच मी तिला ओढत एसटीच्या थांब्यावर आणली. वाटेतलं बिद्री आलं तरी ती माझ्याशी बोलेना, मालकांचा मान ठेवला नाही म्हणून.