गेमचं संगीत आणि माझा उजवा कान

आमच्या गेममध्ये लढाई पाळीपाळीने होते. घाट चढत निघालेली एक मुलगी, तिची हरवलेली गुरं आणि वाटेत आडवं येणारं काय काय: रानडुक्कर, सुटलेली दरड, धुकं. तुमची पाळी आली की कुठला वार करायचा ते निवडायचं. मग ढोलकी सुरू होते आणि नेमक्या ठोक्यावर बटण दाबायचं. जरा उशीर झाला तर वार अर्धाच लागतो. समोरच्याची पाळी आली की त्याचा वारही तालावरच अडवायचा. हा गेम आम्ही दोघंच करत होतो, मी आणि माझी मामेबहीण. मामा धरणावर नोकरीला, त्यामुळे ती भातसानगरच्या वसाहतीत वाढली. चित्रं तिची, सगळं प्रोग्रामिंग तिचं. संगीत माझं. मी वैशाखऱ्यात राहतो, सकाळी मुरबाडला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो आणि गावच्या भजनात पखवाज वाजवतो.

त्या हिवाळ्यात नव्या गेमांच्या एका ऑनलाइन महोत्सवासाठी आम्ही डेमो द्यायचं ठरवलं होतं. तारीख जवळ आली होती. माझ्याकडे धुक्याच्या लढाईचं काम राहिलं होतं. ती कल्पना माझीच. पडदा पांढरा होतो, काहीच दिसत नाही. ठोका डावीकडून येतो की उजवीकडून ते नुसतं ऐकून ओळखायचं आणि त्या बाजूचं बटण दाबायचं.

एका सकाळी उठलो तर उजव्या कानात कापूस कोंबल्यासारखं झालं होतं. आत बारीक शिट्टी वाजत होती. आईला सांगितलं. ती म्हणाली, "सर्दी भरली असंल. वाफ घे, जाईल." मलाही तसंच वाटलं. वाफ घेतली, क्लासला गेलो, आल्यावर हेडफोन लावून धुक्याच्या कामाला बसलो. उजवीकडचे ठोके दबके वाटत होते म्हणून ते वाढवले. दुसऱ्या दिवशी अजून थोडे वाढवले. संध्याकाळी ट्रॅक बहिणीला पाठवून दिला.

तिचा लगेच फोन आला. फोन मी सवयीने उजव्या कानाला लावला आणि ती बोलतच नाहीये असं वाटलं. डाव्या कानाला धरला तेव्हा कळलं की ती केव्हाची बोलते आहे.

"दादा, उजवीकडून एवढं जोरात का केलंस? माझा कान फाटला."

मी म्हटलं, सर्दी आहे, कान बसलाय. तिने विचारलं, नाक वाहतंय का, खोकला आहे का. दोन्ही नव्हतं.

"मग ही सर्दी कसली? उद्या पहिल्या गाडीने डॉक्टरकडे जा. क्लासबिस काय नको."

मुरबाडच्या डॉक्टरांनी कानात बत्ती मारून पाहिलं. पडदा स्वच्छ आहे म्हणाले. मला त्याने बरं वाटलं, त्यांना वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी कान तपासायचा स्टीलचा एक चिमटा टेबलावर वाजवून माझ्या कपाळाच्या मध्यावर टेकवला आणि आवाज कुठल्या बाजूला येतो ते विचारलं. मी म्हटलं, डावीकडे. त्यांनी पुन्हा वाजवला, पुन्हा विचारलं. डावीकडेच. मग ते चिठ्ठी लिहायला लागले आणि लिहिता लिहिता म्हणाले की कल्याणला कानाच्या डॉक्टरांकडे जायचं आणि आजच जायचं. आतल्या नसेचं दुखणं दिसतंय. यात जेवढा उशीर होतो तेवढं परत मिळायचं कमी होत जातं.

मी घरीही फोन केला नाही. स्टँडवर कल्याणची गाडी लागलेलीच होती, तीत बसलो. शेजारचा माणूस काहीतरी विचारत होता. तो उजव्या बाजूला होता. मी नुसती मान हलवत राहिलो.

कल्याणच्या दवाखान्यात कान तपासायची एक छोटी खोली होती, आतून सगळीकडे गादी लावलेली. काचेपलीकडे तपासणाऱ्या बाई. त्यांनी हेडफोन दिले, हातात एक बटण दिलं आणि सांगितलं की आवाज ऐकू आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी. दार बंद झालं. मला हसू आलं होतं. गेली दोन वर्षं मी हेच करत होतो.

आधी डावा कान. टूं, दाब. टूं, दाब. सगळं सोपं. मग उजवा. पहिला आवाज कुठूनतरी लांबून आला, मी दाबलं. त्यानंतरचा आला की नाही याची खात्री नव्हती, पण आला असणार असं वाटलं म्हणून दाबलं. मग शांतता. मी वाट पाहत होतो. बाई किती वेळ सोडून आवाज देतात ते मला डाव्या कानाच्या वेळीच कळलं होतं. तो अंदाज हातात बसला होता. मी दाबत राहिलो. एक, मग थोडं थांबून आणखी एक, मग जरा लांबवून तिसरा.

दार उघडलं. बाई आत आल्या.

"आवाज आल्यावर दाबा."

"आला म्हणून तर दाबलं."

"मी आवाज दिलाच नव्हता," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. "अंदाजाने दाबू नका. त्याने तुमचंच नुकसान आहे. नाही ऐकू आलं तर काही करू नका. नुसते बसा."

त्या गेल्या आणि मी नुसता बसलो. बटणावर अंगठा ठेवून. बराच वेळ काहीच आलं नाही. बाई काचेपलीकडे मान खाली घालून काहीतरी फिरवत होत्या, म्हणजे आवाज येत असणार हे मला दिसत होतं. मी डोळे मिटून घेतले. त्या खोलीत मला पहिल्यांदा भीती वाटली.

डॉक्टरांनी आलेख दाखवला. डाव्या कानाची रेघ वर सरळ होती, उजव्याची उतरत उतरत तळाला गेली होती. गोळ्या सुरू केल्या, कानात इंजेक्शन घ्यायला पुन्हा बोलावलं. कुणाचं बरंचसं परत येतं, कुणाचं थोडं, कुणाचं नाही, आधी सांगता येत नाही, असं म्हणाले. हेडफोन बंद. पखवाज बंद. मोठ्या आवाजाच्या जागी जायचं नाही. जवळच्याच म्हसा गावची मोठी जत्रा तोंडावर होती. घरी आल्यावर आईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "या साली म्हशाला कोण जायाचा नाय."

कल्याणहून निघताना बहिणीला कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती स्कूटी घेऊन आली, किन्हवली, सरळगाव करत. आईशी बोलली, चहा घेतला, लॅपटॉप मात्र पिशवीतच ठेवला. मी विचारलं, काम करायचं नाही का? तेव्हा तिने सांगितलं की डेमो मागे घेऊ या असं तिला वाटतंय. मी नको म्हटलं. मग ती म्हणाली की नाशिकला तिच्या ओळखीची एक मुलगी आहे, संगीत करते, उरलेलं ती करून देईल.

"तू तिला विचारलंस?"

"काल विचारलं."

काल म्हणजे मी त्या खोलीत बसलो होतो त्याच दिवशी. मला राग आला. उठून मागच्या अंगणात गेलो. ती मागून आली आणि माझ्या उजव्या बाजूला उभी राहून काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. तिला ते कळलं. ती चालत डाव्या बाजूला आली आणि तेच पुन्हा म्हणाली, "तुझा कान गेला तर मला गेम नकोय दादा. म्हणून विचारलं."

आई आतून दोनदा डोकावून गेली.

शेवटी मी म्हटलं की एकदा धुकं खेळून बघू दे, हेडफोनशिवाय. तिने दोन छोटे स्पीकर माझ्या दोन बाजूंना ठेवले, आवाज अगदी बारीक केला. पडदा पांढरा झाला. ठोका आला. कुठून आला ते मला कळेना. सगळे ठोके डावीकडूनच आल्यासारखे वाटत होते. मी डावं दाबलं, चुकलं. पुढचा ठोका आला, उजवं दाबलं, तेही चुकलं. गेममधली मुलगी पडली. पुन्हा खेळलो, पुन्हा पडली. बहीण पडद्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. ती लढाई मीच लिहिली होती. कुठला ठोका कधी येतो ते मला पाठ होतं. मनात आणलं असतं तर न ऐकता जिंकलो असतो. तसं केलं नाही. ऐकून जेवढं कळलं तेवढंच दाबलं आणि हरलो.

"असं खेळणारे आणखी असतील," मी म्हटलं.

तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. संध्याकाळपर्यंत धुक्यात हलकी थरथर आली होती. ज्या बाजूचा ठोका, त्या बाजूला पांढरं जरा हलायचं. ज्याला नको त्याला ते बंद करता येईल अशी सोय केली. नाशिकच्या मुलीला मीच फोन केला. बासरी आणि बारीक घुंगरांचं काम तिच्याकडे दिलं, कारण ते आवाज मला नीट कळत नव्हते. ढोलकी माझ्याकडे ठेवली. त्या दिवसांत मी बोटांनी टेबलावर बोल वाजवून दाखवायचो, बहीण ते ठोके पडद्यावर बसवायची आणि डाव्या-उजव्याचा तोल तिच्या कानाने ठरवायची. आमची भांडणंही व्हायची. ती म्हणायची ठोका मागे पडतोय, मी म्हणायचो तो मागेच हवा. डेमो वेळेत गेला. काही लोकांनी खेळून अभिप्राय लिहिले. एकाने लिहिलं की थरथरीमुळे धुकं फार सोपं झालंय. बहिणीने त्याला ती बंद कशी करायची ते कळवलं.

गोळ्या संपल्यावर पुन्हा कल्याणला गेलो. तीच खोली, त्याच बाई. या वेळी मी अंगठा बटणापासून दूर ठेवला आणि आवाज येईल तेव्हाच दाबायचं असं स्वतःला बजावलं. खालचे, जाड आवाज आले. एकामागून एक आले. मग बाई वरच्या आवाजांकडे गेल्या असाव्यात, कारण पुढे काहीच आलं नाही. मी बसून राहिलो.

उजव्या कानाची रेघ मध्यापर्यंत वर चढली होती आणि टोकाला तशीच खाली होती. डॉक्टर म्हणाले, एवढं आलं हे चांगलं आहे, यापुढे फार बदल होईल असं वाटत नाही. शिट्टीची सवय होते म्हणाले. पखवाज वाजवायला हरकत नाही, पण डीजेच्या जवळ जायचं नाही.

बाहेर येऊन बहिणीला फोन केला. सांगितलं की ढोलकी ऐकू येते, घुंगरू येत नाही. तिने विचारलं, जेवलास का. मी म्हटलं, नाही अजून. ती म्हणाली, आधी जेव आणि मग मुरबाडला उतरलास की सांग, दरडीच्या लढाईत तिसऱ्या पाळीचा ठोका बसत नाहीये, तो तुलाच बघावा लागेल.