व्हाळाची वाट कुठं निघते

टोकियोतल्या फुनाबोरीत वॉर्डाच्या हॉलमधली खोली हवी असेल तर आधी कार्यक्रमाचा हेतू लिहून द्यावा लागतो. मी जपानीत ‘क्रांतिदिन’ असं लिहिलं. काउंटरवरच्या गृहस्थांनी तो शब्द दोनदा वाचला, आत जाऊन साहेबांना दाखवून आणला आणि अतिशय अदबीनं विचारलं, की ही क्रांती होऊन गेली आहे की व्हायची आहे. मी म्हटलं, होऊन गेली, यशस्वी झाली, तीही माझ्या जन्माच्या आधी. त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी खोलीत काही शिजवणार का, ते विचारलं. क्रांतीपेक्षा त्यांना फोडणीची धास्ती जास्त होती.

क्रांती होती गोव्याची. अठरा जून हा तिकडे क्रांतिदिन. आमच्याच मजल्यावर पेडण्याचा एक इंजिनिअर राहतो आणि माझी आई बांद्याची. पेडणं गोव्यात, बांदा आमच्या सावंतवाडी तालुक्यात. एसटीनं अर्ध्या-पाऊण तासाची गोष्ट. पण आईच्या लहानपणी मधे पोर्तुगीजांची सरहद्द होती. सत्याग्रही बांद्यात जमायचे, पत्रादेवीवरून पलीकडे शिरायचे. बांदेकरांनी त्यांना पेज वाढली आणि पलीकडच्या घरांनी त्यांना लपवलं. आज त्याच नाक्यावर गोव्याहून येणाऱ्या गाड्यांमध्ये दारूच्या बाटल्या शोधतात. क्रांतीच्या वाटेला शेवटी काय काय येतं, कुणी सांगावं.

त्या वर्षी मे महिन्यात आई माझ्याकडे आली, तीन महिन्यांच्या व्हिसावर. इंजिनिअरचे बाबाही त्याच सुमाराला आले. ऐंशीच्या घरातले, ताठ, ऐकू जरा कमी आणि बोलणं भरपूर. खालच्या बागेत दोघं रोज सकाळी एकाच बाकावर बसायची. मला वाटलं, बरं झालं, आईला बोलायला माणूस मिळालं. घरात माझा मुलगा तिच्या मालवणीला जपानीत उत्तर द्यायचा आणि मी दिवसभर ऑफिसात. पण बाबांनी “आमच्या पेडण्यात, त्या सत्याग्रहाच्या दिसांनी” अशी सुरुवात केली रे केली, की आईचे गुडघे दुखायला लागायचे. ती उठून घरी यायची. गुडघे लिफ्टपर्यंत येता येता बरे व्हायचे, हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, तिला ते बढाईखोर वाटत असतील. मलाही वाटत होते.

मग पाऊस सुरू झाला. इथला जूनचा पाऊस कोसळत नाही, नुसता चिकटून बसतो. एका रविवारी कपडे घरातच दोरीवर वाळत घालताना मी आईला सहज म्हटलं, की तू त्यांच्याशी इतकी तुटक का वागतेस, बिचारे तुझ्याच मुलखातले आहेत. आईनं हातातला टॉवेल दोरीवर टाकला, नीट सारखा केला आणि मला जे सांगितलं ते तिनं त्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या वडिलांनासुद्धा नाही.

ती तेव्हा नऊ वर्षांची. पंचावन्नच्या पंधरा ऑगस्टचा मोठा सत्याग्रह, माणसांच्या रांगा पावसात भिजत सरहद्दीकडे चाललेल्या. ही गुरांमागे होती. एक माणूस लंगडत आला. पाय मुरगळून तो त्याच्या तुकडीच्या मागे पडला होता. बोलण्यावरून देशावरचा वाटत होता. त्यानं विचारलं, “बाळ, पुढचे लोक गाठायचेत, जवळची वाट कुठली?” तिनं व्हाळाकाठची, म्हणजे ओढ्याकाठची वाट दाखवली. ती जवळची आहे, असं तिनं मोठ्यांच्या तोंडून ऐकलेलं. स्वतः ती त्या वाटेनं कधी पुढे गेली नव्हती, कारण पुढे सरहद्द. तो नखशिखांत भिजला होता, म्हणून तिनं आपलं पानांचं इरलंही त्याला दिलं. पोरीच्या मापाचं इरलं, त्याच्या खांद्यापर्यंतही पुरेना. तो हसला, ते डोक्यावर घेतलं आणि झाडीत दिसेनासा झाला. थोड्या वेळानं, सत्याग्रही ज्या रस्त्यानं शिरत होते त्या पत्रादेवीच्या रस्त्याकडून गोळीबाराचे आवाज आले.

“तो मागे पडललो,” आई म्हणाली. “मागेच रवलो असतो तर वाचलो असतो. मियां तेका येळेवर पोचयलंय.”

मी म्हटलं, तो मेला असं तुला कुणी सांगितलं. कुणी नाही, ती म्हणाली. म्हणूनच तर. दर पंधरा ऑगस्टला बांद्याचे लोक पत्रादेवीच्या स्मारकाला फुलं वाहायला जात, आणि ही कधी गेली नाही. दरवर्षी नेमकी डोकेदुखी. आम्ही भावंडं तिला त्यावरून चिडवायचो, हे आठवून मला आता कसंतरी झालं.

व्हाळ जिथं गोव्यात शिरतो तिथंच पलीकडे इंजिनिअरच्या बाबांचं गाव होतं. ती वाट कुठं निघते, हे त्यांना नक्की ठाऊक असणार. मी म्हटलं, विचार की.

“इचारूचा आसा,” ती म्हणाली, “पण तेनी रस्त्यार निघता म्हणून सांगल्यानी तर?”

इतकी वर्षं तिनं ‘कदाचित’वर काढली होती आणि तेवढंही हातचं जाईल, अशी तिला भीती होती. मी तिच्या जागी असते तर मीही विचारलं नसतं.

म्हणून हा क्रांतिदिन. माझा बेत साधा होता. बाबांना माइक द्यायचा, ऑगस्टातल्या त्या सत्याग्रहाची आठवण सांगा म्हणायचं, आई खाली बसून ऐकेल. विचारावंही लागणार नाही आणि ऐकायचं नसेल तर गुडघे आहेतच. इंजिनिअरला यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याला तर कार्यक्रमाचीच इतकी हौस, की बॅनरवर ‘बांदा-पेडणे’ लिहायचं की ‘पेडणे-बांदा’, यावर आमचे चार दिवस गेले. शेवटी बॅनर दोन्ही बाजूंनी छापला आणि मध्यंतरात उलटा करायचं ठरलं.

इथपर्यंत ठीक होतं. पण आपण मराठी माणसं. चार डोकी जमली की समारंभ होतोच. कुणीतरी म्हणालं, इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना बोलवायला हवं. मग माजी अध्यक्षांना कसं वगळणार? दीपप्रज्वलन हवंच, हॉलमध्ये ज्योत चालत नाही म्हणून बॅटरीची समई आली आणि ती पाच जणांनी मिळून एकच बटण दाबून पेटवली. मग पाहुण्यांचा परिचय, शाल, निशी-कासाईच्या भारतीय दुकानातून आणलेले नारळ, स्वागतगीत. अध्यक्षांनी ‘दोन शब्द’ सुरू केले ते जपानच्या शिस्तीवर, आणि ती शिस्त काही संपेना. मी सूत्रसंचालक. चिठ्ठी पाठवली, खाकरले, घड्याळाकडे बघून दाखवलं. माझा नुसता जळफळाट झाला. पहिल्या रांगेत आई मांडीवर नारळ घेऊन बसली होती आणि शेजारी बाबा, दोघांच्याही अंगावर शाली, त्या जूनच्या उकाड्यात. बाबांनी भाषण पाठ करून आणलं होतं, ओठ हलताना दिसत होते.

माजी अध्यक्षांचे आभार मानून मी बाबांचं नाव घेतलं आणि दार उघडलं. काउंटरवरचे गृहस्थ. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि तसेच उभे राहिले. पाचला खोली रिकामी म्हणजे पाचला रिकामी. त्यात खुर्च्या रचणं, टेबलं पुसणं, कचरा वेगळा करणं सगळं आलं. बाबा माइकपर्यंत पोचले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि निमूट एक खुर्ची उचलली.

मी आईकडे बघितलं. ती शालीची घडी घालत होती. तिच्या चेहऱ्यावर सुटका होती आणि निराशाही, आणि मला अध्यक्षांपेक्षा स्वतःचा राग जास्त आला. मी बेत केला तोही स्वागतगीतासकट.

बाहेर पाऊस होताच. दाराशी छत्र्यांचा स्टँड, आणि त्यात आमच्या सगळ्यांच्या छत्र्या एकसारख्या: कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतलेल्या, पारदर्शक प्लास्टिकच्या, पांढऱ्या दांड्याच्या. बाबांना त्यांची सापडेना. एक काढली, परत ठेवली, दुसरी काढली. लेक म्हणाला, “बाबा, कुठलीही घ्या, सगळ्या सारख्याच.” ते त्यांना पटेना. दुसऱ्याची वस्तू कशी घ्यायची? भाषण राहिल्याचा सगळा राग त्यांनी त्या छत्र्यांवर काढला. आमच्या काळी म्हणे घरात दहा इरली असली तरी जो तो आपलं ओळखायचा. पोरं तर खुणेला चिंध्या बांधायची. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते एकटेच हसायला लागले.

ते सांगू लागले: एकदा, त्या सत्याग्रहाच्या दिवशी, आमच्या काजूच्या बागेत व्हाळातून एक अख्खा बाप्या वर आला, आणि डोक्यावर काय, तर पोरीचं इरलं. नाकापर्यंत पाणी गळतंय. वर लाल चिंधी. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा, मला हसू आवरेना, बापाशीनं कानफटात दिली.

छत्री शोधायला वाकलेली आई तशीच राहिली. मग हळूच सरळ झाली.

“चिंधी माझ्या आयेच्या लुगड्याची,” ती म्हणाली. “तां इरलां माझां.”

बाबांना ऐकू आलं नाही. मला ते त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगावं लागलं. फुनाबोरीच्या त्या शांत दारात, वॉर्डाचे गृहस्थ काचेआडून बघत असताना मी ओरडत होते, की ते इरलं माझ्या आईचं, ते इरलं माझ्या आईचं. आवाज फाटला माझा, कारण रडू यायला लागलं होतं.

बाबा आईकडे वळले. आईनं एकच विचारलं.

“ती वाट रस्त्यार निघना नाय?”

“रस्त्यार?” बाबा म्हणाले. “रस्तो खंय, आमचां घर खंय. ती आमच्या परसात निघता.”

मग त्यांचं राहिलेलं भाषण झालं, छत्र्यांच्या स्टँडशी. तो माणूस चिडला होता म्हणे. कुणीतरी चुकीची वाट दाखवली, माझी माणसं पुढे गेली, असं म्हणत निघाला होता. एवढ्यात गोळीबार ऐकू आला आणि तो मटकन खाली बसला. बाबांच्या वडिलांनी त्याला माळ्यावर लपवलं, सुजलेल्या पायाला लेप लावला आणि दोन दिवसांनी त्याच व्हाळानं परत पोचवलं. जाताना तो इरलं ठेवून गेला. एका लहान मुलीचं आहे, तिला द्या म्हणाला. पण कुणाच्या मुलीला, आणि सरहद्द ओलांडून कोण देणार? बाबांची बहीण ते वापरत राहिली, पानं गळून नुसत्या कामट्या उरेपर्यंत. गोवा सुटल्यावर तो माणूस बायकोला घेऊन एकदा भेटायला आला होता. तोवर त्याचं पोट सुटलं होतं.

पोटाचं ऐकून आई हसली. डोळे पुसत हसत होती. इरलं हरवलं म्हणून मला किती मार पडला ठाऊक आहे का, असं तिनं बाबांना ऐकवलं, जणू दोष त्यांच्या बहिणीचाच. बाबांनी हात जोडले. इंजिनिअर दोघांकडे आळीपाळीनं बघत होता; त्याला सगळं मी नंतर लिफ्टमध्ये सांगितलं. घरी जाताना बाबांनी शेवटी हाताला लागली ती छत्री घेतली, आणि ती माझी निघाली.

आईच्या त्यानंतरच्या इथल्या दिवसांत तिचे गुडघे एकदाही दुखले नाहीत. बाकावर आता तीच बोलायची आणि बाबा हूं हूं करायचे.

ती परत गेली आणि पंधरा ऑगस्टला दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन घेतला. ती पत्रादेवीच्या स्मारकाशी उभी होती, भावाला घेऊन गेली होती. गावी परतलेले बाबाही पलीकडून आले होते, मागे त्यांची छत्री दिसत होती. मी विचारलं, फुलं वाहिलीस का. वाहिली म्हणाली, गेलेल्या सगळ्यांना वाहिली. मी म्हटलं, आणि त्याला? तुझ्या इरल्यावाल्याला?

“तेका कित्याक?” आई म्हणाली. “तो घराक पोचलो.”